पुढची दोन चाकं

६ नोव्हेंबर

भावोजी,

तुमचा फोन कुणी उचलत नाही. तीन महिने झाले. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले, त्यामुळे बंद पडलेला फोन कोणता आणि मुद्दाम न उचललेला कोणता, हे मला नुसत्या घंटेवरून कळतं. तुमची घंटा वाजते आहे. बोटीच्या इंजिनखोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला ती ऐकू येत नसेल, अशी मनाची समजूत घालून पत्र लिहिते आहे.

विषय गाडीचा आहे. तुमचे दादा जाऊन येत्या मार्चला दोन वर्षं होतील. तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी आहे. ते तिला वाघीण म्हणायचे. मी पहिल्या दिवसापासून ठोकळा म्हणत आले आणि माझं मत बदलावं असं तिने सव्वीस वर्षांत काही केलेलं नाही. किलोमीटरची पट्टी पाच आकड्यांची. चार वेळा भरून शून्यावर आली आणि पाचव्यांदा अठ्ठ्याऐंशी हजारांवर थांबली. म्हणजे चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार. एवढं चालल्यावर मीही ताडपत्री मागितली असती.

लेक म्हणते, भंगारवाल्याला बोलाव. त्याचा नंबर तिने फ्रिजवर चिकटवला. मी काढला. तिने परत चिकटवला. आमच्या घरात सध्या एवढाच संवाद चालू आहे. वीस फेब्रुवारीला गाडीच्या पासिंगची मुदत संपते. त्याआधी तपासणीत पास झाली तर राहील, नाहीतर नंबर फिरवायचा, असं ठरलं आहे.

मला ती कशासाठी हवी, तेही ऐका. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही त्या ओढ्यापलीकडे घर बांधलंत. दरवर्षी तुमचे दादा म्हणायचे, यंदा वाघीण घेऊन धाकट्याकडे जाऊ. आणि दरवर्षी तुमचं पत्र यायचं की रस्ता वाईट आहे, पुढच्या वर्षी बघू. अकरा वर्षांत 'या' हा एका अक्षराचा शब्द तुमच्या पेनातून उतरला नाही. मी तेव्हा गप्प बसले, कारण कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की न बोलावता कुणाकडे जाऊ नये आणि बोलावणं तर मुळीच मागू नये. आता मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि शिकवणाऱ्या सगळ्या सिस्टर वर गेल्या आहेत. तेव्हा मी येणार. त्याच गाडीने, स्वतः चालवत.

दोन वर्षं उभी असलेली गाडी सुरू कशी करायची, तेवढं कळवा. उपदेश नको.

वहिनी


१७ नोव्हेंबर

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात),

फोन बिघडला आहे. घंटा वाजते, पण इकडून आवाज नीट जात नाही. पत्रच बरं.

तुम्ही स्वतः चालवत येणार हे वाचून शेजारच्यांना सांगितलं. त्यांनी त्यांचं फाटक उघडून ठेवलं आहे. तुम्ही गाडी मागे घ्यायला शिकत होतात तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांच्या फाटकाचं काय झालं, ते मी त्यांना रंगवून सांगितलं होतं.

किल्ली फिरवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी बॅटरी नवी घाला. टाकीतलं डिझेल सगळं काढून टाका, त्यात पाणी धरलेलं असणार. एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांनी संसार थाटलेला असेल, त्यांना रीतसर हलवा. रेडिएटरचे रबरी पाइप बोटांनी दाबून बघा, कडक लागले तर बदला. इंजिनचं ऑइल बदला. मग मिस्त्रीला बोलावून, डिझेल बंद ठेवून, इंजिन आधी नुसतं फिरवून घ्या, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचेल. त्यानंतर सुरू करा. धूर होईल. घाबरू नका, तुमच्या शेजाऱ्यांनी याहून वाईट बघितलं आहे.

पण खरं सांगू? जाऊ द्या तिला. रस्ता अजून तसाच आहे. ओढ्यावर पूल नाही. वाघिणीने आयुष्यात जे करायचं ते त्या एका दिवशी करून दाखवलं, त्या आठवणीवर तिला निवृत्त करा.

भावोजी


३ डिसेंबर

भावोजी,

परत 'रस्ता वाईट आहे'. तुमच्या भागातला रस्ता अकरा वर्षं एकसारखा वाईट राहिला आहे, म्हणजे तो चांगलाच टिकाऊ दिसतो.

आणि ते अक्षर! तुमचं पत्र वाचायला मला भिंग लागलं. अक्षरं मागे रेलली आहेत आणि ओळीओळीवर शाई फासलेली. आमच्या सिस्टरनी असा कागद बघितला असता तर तुम्हाला वर्गाबाहेर उभं करून कागद तुमच्या पाठीला टाचला असता. निवृत्त झालात म्हणून माणसाने इतकं आळशी होऊ नये.

आता गाडी. उंदरांचा संसार निघाला. तुमच्या दादांचे नकाशे कुरतडून गादी केली होती. जमिनीखालचं पाणी शोधायला त्यांनी काढलेले, वीस वर्षांचे. मी तिथेच पायरीवर बसून थोडी रडले आणि मग उंदरांना शिव्या दिल्या. दोन्हींनी बरं वाटलं.

कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणतो, "आजी, ही कुणाची?"

मी म्हटलं, "माझी. आणि आजी मी फक्त माझ्या नातीची आहे, जी अजून जन्माला आलेली नाही."

"बरं बाई," म्हणाला आणि गाडीखाली शिरला. खालूनच ओरडला, "बाई, फरशी गेली!"

"कुठे गेली?"

"चालकाच्या पायाखालची. तुम्ही मला दिसताय."

खरंच, ब्रेकच्या मागे हातभर भोक. तुमचे दादा शेवटची दोन वर्षं तिथे रबरी पायपुसणं टाकून चालवत होते. मला म्हणायचे, पायाला गार वारा लागतो, बरं असतं.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं आणि ती सुरू झाली. धूर इतका, की लेक बादली घेऊन धावत आली. पण इंजिन दणकट आहे, असं मिस्त्री म्हणाला. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले आहेत, क्लच घसरतो, पत्रा तीन ठिकाणी कुजला आहे. त्याने भलीमोठी यादी दिली. मी ती फ्रिजवर चिकटवली, भंगारवाल्याच्या नंबरावर.

त्या एका दिवसाची आठवण काढलीत म्हणून सांगते. त्या दिवशी मी मागे बसले होते, मांडीवर सात वर्षांची लेक आणि लेकीच्या मांडीवर कुकर. त्याच ओढ्याच्या मधोमध गाडी रुतली, पाणी दाराला लागलं. तुम्ही म्हणालात, "दादा, माझी चप्पल वाहून गेली," आणि खाली उतरून कमरेभर पाण्यात चाचपडत बसलात. अशा वेळी चप्पल! मग तुम्ही वर आलात, ह्यांनी गिअरशेजारचा तो छोटा दांडा परत ओढला आणि म्हणाले, "आता बघा, फोर व्हील!" आणि गाडी बाहेर आली. ती गोष्ट मी त्यानंतर वीस वर्षं ऐकली. पाहुणा चहा संपवून उठायला लागला की ह्यांचं सुरू: "एकदा काय झालं, ओढ्याला पाणी होतं..." पाहुणा परत बसायचा. मला परत चहा टाकावा लागायचा.

वहिनी


१४ डिसेंबर

ती. वहिनींस,

अक्षराबद्दल क्षमस्व. चष्मा बदलायचा आहे.

फरशीला नुसतं पत्र्याचं ठिगळ लावू देऊ नका. गंज चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, मग नवा तुकडा जोडायचा, वर गंजरोधक रंग, खालून डांबरी थर. क्लचप्लेट बदलायचीच. पाट्यांचे रबरी बुश बघा. ब्रेकच्या नळ्या नव्या घाला, तिथे हात आखडता घेऊ नका. तुम्ही ब्रेक उशिरा दाबता.

एक मात्र ऐका. पुढच्या चाकांच्या मधोमध ज्या गोल डब्या आहेत, त्या उघडू देऊ नका. त्या ठणठणीत आहेत. मिस्त्री लोकांना उगाच खोलायची सवय असते.

भावोजी


५ जानेवारी

भावोजी,

तुम्ही म्हणालात उघडू नका, म्हणून मी पहिल्यांदा त्याच उघडायला लावल्या. इतकी वर्षं मला ओळखता, तुम्हाला कळायला हवं होतं.

मिस्त्रीने उजव्या चाकाची डबी खोलली, कापडाने पुसली, उजेडात धरली. मग डावीची खोलली. मग मला म्हणाला, "बाई, साहेब फोर व्हील वापरायचे?"

"आल्यागेल्याला सांगायचे."

"सांगायचे ते बरोबर. वापरायचे का?"

मग त्याने मला समजावलं. डबीवर एक चकती असते. खाली उतरून ती हाताने फिरवायची, दोन्ही चाकांची. तेव्हा कुठे पुढचं चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं. मग वर बसून छोटा दांडा ओढायचा. चकत्या न फिरवता ओढला तर इंजिनचा आवाज बदलतो, गाडी हळू पण दमात चालते, पण जोर मागच्या दोन चाकांचाच. पुढची दोन नुसती सोबतीला आल्यासारखी फिरतात. "आणि आतले दाते बघा," तो म्हणाला, "कारखान्यातून आले तसेच. बाई, ही गाडी आयुष्यभर दोन चाकांवर चाललीये."

मी खुर्ची मागवली.

चोवीस वर्षं, भावोजी! चोवीस वर्षं ह्या माणसाने तो दांडा ओढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू आत्ताच डोंगर हलवला. माहितीपुस्तक कप्प्यात होतं. सीलबंद पिशवीत होतं! मी एकदा म्हटलं, वाचून तरी बघा, तर म्हणाले, "गाडी ही हातांनी कळते." हे म्हणजे मी एक्स्चेंजमध्ये तार न जोडता चोवीस वर्षं 'बोला, बोला' म्हणत बसण्यासारखं झालं. त्यांच्या फोटोसमोर उभी राहून मी त्यांना चांगलं ऐकवलं. फोटोतही हसतच होते.

पण मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही चकत्यांच्या खाचेत एकेक ओरखडा आहे, जुना, काळा पडलेला. "कुणीतरी एकदा फिरवलीये," तो म्हणाला. "हाताने हलेना म्हणून नाणंबिणं घालून."

मग मी गाडीची नोंदवही काढली. तुमचे दादा प्रत्येक दुरुस्ती त्यात लिहायचे. ओढ्याच्या दिवसाच्या पानावर त्यांचं अक्षर नाही. तुमचं आहे. 'ओढा पार. दादा थकलेत, म्हणून नोंद मी करतो. पुढच्या दोन्ही चाकांना ग्रीस द्यावं.'

ज्या माणसाची चप्पल वाहून गेली, त्याला पुढच्या चाकांची आठवण का झाली? मला खरं काय ते लिहून पाठवा. पूर्ण.

वहिनी


१९ जानेवारी

ती. वहिनींस,

पकडलंत. आता लिहितो. सलग लिहिता येत नाही, तीन दिवस लागले.

चप्पल वाहून गेली नव्हती. मी ती खिशात घातली होती.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. दादाने दाखवलेल्या सात जागा ओळीने कोरड्या निघाल्या. ऑफिसात त्याला कोरडेसाहेब म्हणायला लागले होते. ही गाडी घेतली म्हणून आमचे बाबा त्याच्याशी धड बोलत नव्हते. म्हणायचे, पांढरा हत्ती आणलास. आणि त्या दिवशी बायको-मुलीसकट, पाठच्या भावासमोर, तो पाण्यात अडकला. तुम्ही मागे होतात, तुम्हाला त्याचा चेहरा दिसला नाही. मी शेजारी होतो. तो एकच गिअर परत परत टाकत होता.

मी खिडकीतून बघितलं. दादाने दांडा ओढला होता, तरी फक्त मागची चाकं फिरत होती. माझ्या लगेच लक्षात आलं. एका वाक्यात सांगता आलं असतं: दादा, खाली उतरून चकत्या फिरवायच्या असतात. पण त्या क्षणी ते वाक्य बोलणं मला जमेना. मला पोहायला त्याने शिकवलं. पहिल्यांदा बोटीवर चढलो तेव्हा पायातले बूट त्याने काढून दिले आणि स्वतः मोज्यांवर घरी गेला. अशा माणसाला मी कमरेभर पाण्यात काय शिकवणार? म्हणून चप्पल. खिशात परदेशातलं एक नाणं होतं, ते घालून दोन्ही चकत्या फिरवल्या. पुढे चहाला थांबलो तेव्हा परत होत्या तशा केल्या, त्याला संशय यायला नको.

वाटलं होतं, महिन्याभरात हसत हसत सांगू. पण तो गोष्ट सांगायला लागला. दर वेळी पाणी थोडं वाढायचं. शेवटी शेवटी ते छतापर्यंत गेलं होतं. आता त्या पाण्यात मी काय बोलणार होतो?

आता जे लिहितो त्यासाठी तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. मी ओढ्यापलीकडे घर बांधलं. दादाला तिथे वाघिणीतूनच यायचं होतं, दुसऱ्या कशातून नाही. तो आला असता, ओढ्यात उतरला असता, दांडा ओढला असता आणि रुतला असता. या खेपेला मी पलीकडच्या काठावर असतो. त्याला सगळं कळलं असतं, माझी चप्पलसुद्धा. म्हणून दरवर्षी लिहिलं, रस्ता वाईट आहे. वाटायचं, पूल होईल, मग बोलवू. पूल झाला नाही. आणि मग दादाच राहिला नाही.

रस्ता तितकासा वाईट नाही, वहिनी. कधीच नव्हता.

भावोजी


१ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा इतकी चिडले, की लेकीने विचारलं, भंगारवाल्याचा फोन आला का.

तुम्ही मूर्ख आहात. हे मी रागाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते. आपल्या दादांना तुम्ही ओळखलंच नाही. त्यांना कळलं असतं तर दोन दिवस फुगून बसले असते. तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट तुमच्या चपलेसकट सांगत सुटले असते, आणि ती आधीच्यापेक्षा लांब झाली असती. मला तीनदा चहा टाकावा लागला असता. एवढ्याच नुकसानीपायी तुम्ही त्यांना नऊ वर्षं तुमच्या ओसरीवर बसू दिलं नाहीत. आणि ते मला काय म्हणायचे, माहीत आहे? "धाकट्याला एकटं राहायची सवय झालीये, त्याला त्रास नको." म्हणजे तेही तुम्हालाच सांभाळत होते. मी एकटीच तेवढी रागावले होते, आणि माझंच बरोबर होतं.

आता दुसरी गोष्ट. नोंदवहीतलं ते पान मी तुमच्या पत्रांशेजारी ठेवलं. बावीस वर्षांपूर्वीचं अक्षर पुढे झुकलेलं, स्वच्छ, शाईचा ठिपका नाही. आताची अक्षरं मागे रेललेली आणि प्रत्येक ओळ फासलेली, डावीकडून उजवीकडे.

हा फासलेला डाग मी ओळखते, भावोजी. चौथीपर्यंत माझ्या डाव्या करंगळीची कड रोज निळी असायची. डाव्या हाताने लिहिलं की हात ओल्या शाईवरून सरकत जातो. सिस्टर ती निळी कड बघायच्या आणि तिच्यावरच पट्टी मारायच्या. पाचवीत गेले तेव्हा मी उजव्या हाताची झाले होते. मला तुमच्या पहिल्या पत्रातच कळायला हवं होतं. त्याऐवजी मी तुम्हाला आळशी म्हणत बसले, अगदी सिस्टरांसारखी. त्याबद्दल माफी मागते. हे वाक्य परत वाचू नका, एकदाच लिहिलं आहे.

तुम्ही कोणत्या हाताने लिहिताय? फोन का उचलत नाही? घंटा वाजते पण इकडून आवाज नीट जात नाही, हे तुम्ही फोनबद्दल लिहिलं होतंत की स्वतःबद्दल?

तुमच्या दादांचा अभिमान जपायला एकदा लपवलंत, त्यात नऊ वर्षं गेली. आता माझी काळजी जपायला लपवाल तर मी ऐकणार नाही. पासिंग सोळा तारखेला आहे. फरशी झाली, क्लच झाला, ब्रेकच्या नळ्या नव्या. चकत्या आता बोटांनी फिरतात.

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

डाव्या.

ऑगस्टमध्ये सकाळी चहाचा कप हातातून पडला. उजवा हात आणि थोडी जीभ गेली. पाय बरा आहे, काठी घेऊन चालतो. दूधवाल्याने दवाखान्यात नेलं. बोललं की शब्द घसरतात, तुमच्या क्लचसारखे. तुम्ही तीस वर्षं आवाज ऐकलेत, पहिल्या 'हॅलो'लाच ओळखलं असतंत. म्हणून उचलला नाही. रोज हाताचा व्यायाम करायला सांगितलाय. शिकवणारा शहरात आहे, मी इथे.

सोबत ते नाणं पाठवतो. खाचेत हेच बसतं.

ओढ्याला गुडघाभर पाणी आहे. मोठ्या सपाट खडकाच्या डावीकडून घ्या, तळाला गोटे आहेत, चिखल नाही. मध्ये थांबू नका, गिअर बदलू नका. ब्रेक अजिबात नको. ते तुम्हाला जमेल.

या.

भावोजी


१६ फेब्रुवारी

भावोजी,

तो एका अक्षराचा शब्द पोचला. फ्रिजवर लावला आहे.

आज पासिंग झालं. रांगेत सगळ्यात जुनी गाडी आपली आणि सगळ्यात जुनी चालकही आपलीच. तपासनीस कागद हातात घेऊन इकडेतिकडे बघत म्हणाला, "हिचा चालक कुठाय?"

"तुमच्यासमोर."

"म्हणजे गाडी चालवून कोणी आणली?"

"तुम्ही मला प्रश्न तोच विचारलात, मी उत्तर तेच देते."

ब्रेक बघितले, दिवे बघितले, खाली वाकून फरशीवर हातोडीने ठोकून बघितलं. खणखणीत वाजली. धुराच्या यंत्रावर गाडी जराशी काठावर होती. मी श्वास रोखून धरला, आणि मला वाटतं तिनेही धरला. पास. शेवटी त्या माणसाने आत बसून छोटा दांडा ओढला आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, "फोर व्हील चालू आहे."

मी म्हटलं, "नाही. आधी खाली उतरून चकत्या फिरवाव्या लागतात. पुष्कळांना माहीत नसतं."

 तो गुपचूप खाली उतरला. मला त्याच्यात कोण दिसलं ते तुम्हाला सांगायला नको.

घरी आले तर भंगारवाल्याचा नंबर नाहीसा झालेला. मी काढला नव्हता. लेक म्हणाली, "मी पण येतेय. आणि यावेळी कुकर मांडीवर घेणार नाही."

येताना गाडीची मागची सीट रिकामी आणतो आहोत, ते नीट लक्षात घ्या. इथे घरापासून दहा मिनिटांवर हाताचा व्यायाम शिकवणारी एक बाई आहे, अतिशय कडक. मी तिच्याशी बोलून ठेवलं आहे. मला ती फार आवडली. चोवीसला सकाळी ओढ्यावर पोचतो, तुम्ही एक बॅग भरून ठेवा. महिना दोन महिने. तुमचा ओढा कुठे पळून जात नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी, सकाळ, ओढ्याच्या अलीकडे

भावोजी,

तुमचा दूधवाला भेटला. तो चालत पलीकडे निघाला आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते. आम्हाला अलीकडे बघून तो म्हणाला, "ह्या गाडीने जाणार? रुतेल." मी त्याला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा.

अक्षराला हसू नका. डाव्या हाताने लिहिते आहे. साठ वर्षांनी. हात विसरलेला नाही, फक्त रागावलेला आहे, माझ्यासारखाच. करंगळीची कड निळी झाली आणि आजूबाजूला एकही सिस्टर नाही. आता तुमच्याकडे आले की आपण दोघं मिळून गिरवू.

खाली उतरले. नाणं खाचेत बरोबर बसलं. उजवी चकती मी माझ्यातर्फे फिरवली, डावी तुमच्या दादांतर्फे. त्यांना मोठ्याने सांगितलं की असं करायचं असतं. लेक शेजारी बसली आहे, सात वर्षांची असताना घट्ट मिटले होते तसेच डोळे मिटून. छोटा दांडा ओढून गाडी चार हात पुढे घेऊन बघितली. आवाज बदलला, पण या वेळी नुसता आवाज नाही. पुढची चाकं आपणहून जमीन धरतात, ते मला हातांत कळलं. हे वाक्य तुमच्या दादांना ऐकवू नका, तेही हेच म्हणायचे.

मला पलीकडे काठीला टेकून उभा असलेला माणूस दिसतो आहे. तिथेच उभे राहा. आणि भावोजी, काहीही झालं तरी चप्पल शोधायला पाण्यात उतरू नका.

वहिनी